जांघेतला हर्निया आणि यंत्राची भूक

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन महिना उलटलेला माणूस समोर उभा केला आणि विचारलं, की याचं ऑपरेशन साध्या दुर्बिणीतून झालंय की रोबोटच्या मदतीने, तर भलेभले सर्जन विचारात पडतील. दोन्ही पद्धतींत पोटावर तीनच बारीक व्रण. फार निरखून पाहिलं तर थोडा सुगावा लागेल: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुधा बेंबीपाशी दहा-बारा मिलिमीटरचं एक आणि पाच-पाच मिलिमीटरची दोन छिद्रं असतात, रोबोटला साधारण आठ-आठ मिलिमीटरची तीन लागतात. (म्हणजे 'अतिसूक्ष्म छेद' ही रोबोटची जाहिरात निदान इथे तरी फुसकी ठरते.) आत घातलेली जाळी तीच. ती ज्या थरात पसरली तो थर तोच. फरक सापडतो तो बिलात, आणि ऑपरेशन किती वाजता सुरू झालं नि किती वाजता संपलं या नोंदीत.

या फरकाचे पैसे कुणी भरायचे, हा या लेखाचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दुर्बिणीतून हर्निया नीट करू शकणारा सर्जन उपलब्ध असेल, तर साध्या जांघेतल्या हर्नियासाठी रोबोट वापरून रुग्णाच्या पदरात काही जास्त पडतं, असं आजवरच्या चांगल्या चाचण्यांतून दिसलेलं नाही. मग वाढीव खर्च रुग्णाच्या, विम्याच्या किंवा सरकारी तिजोरीच्या माथी मारण्याला आधार उरत नाही. रुग्णालयाला रोबोट वापरायचाच असेल तर जरूर वापरावा, पण दुर्बिणीच्या दरात.

हर्नियासारख्या 'किरकोळ' ऑपरेशनवर एवढी चर्चा कशाला, असं वाटू शकतं. पण हा आजार किरकोळ असला तरी त्याचा पसारा प्रचंड आहे. जगभरात दरवर्षी जांघेतल्या हर्नियाच्या दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात. पुरुषांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. ज्या ऑपरेशनची संख्या इतकी मोठी, त्यात माणशी होणारी थोडीशी वाढही आरोग्याच्या एकूण खर्चात डोंगराएवढी होते.

आधी हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण रोबोटचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही हे त्यावरच ठरतं. पोटाच्या भिंतीला जांघेत एक नैसर्गिक कच्ची जागा असते. तिथून आतडं किंवा चरबी बाहेर डोकावू लागली की हर्निया. १८८०च्या दशकात इटलीतल्या बासिनी यांनी ही भिंत टाक्यांनी शिवून घेण्याची पद्धत रूढ केली. शिवलेल्या कडांवर ताण येई आणि हर्निया परत होई. १९८०च्या दशकात लिश्टेनस्टाइन यांनी ताण न देता वरून जाळी बसवायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच जाळी दुर्बिणीने आतल्या बाजूने बसवणं सुरू झालं.

आतून बसवताना सर्जन काय करतो? पोटाच्या आतल्या पडद्याला, म्हणजे उदरावरणाला, चीर देऊन तो अलगद सोलून मागे नेतो. बाहेर गेलेली हर्नियाची पिशवी आत ओढतो. वीर्यनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या नसा ओळखून त्यांना धक्का न लावता पुरेशी मोठी जागा मोकळी करतो. मग किमान दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी सुरकुती न पडता पसरवतो आणि पडदा पुन्हा बंद करतो. हर्निया परत होईल का, हे बहुतांशी जागा पुरेशी मोकळी झाली का आणि जाळी सगळ्या कच्च्या जागा झाकते का, यावर ठरतं. ऑपरेशननंतर महिनोन् महिने दुखत राहील का, हे बऱ्याच अंशी नसांशी कसं वागलं गेलं यावर. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा टक्के रुग्णांना दीर्घकाळ काही ना काही दुखणं राहतं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे ही बाजू परत होण्याइतकीच महत्त्वाची. शरीररचनेची ओळख आणि हाताचा संयम यांवर सगळं अवलंबून आहे.

रोबोट यात काय भर घालतो? मुळात 'रोबोट' या शब्दानेच अर्धा गोंधळ केलाय. हे यंत्र स्वतःहून काही करत नाही, काही ठरवत नाही. सर्जन टेबलापासून थोडं दूर एका कन्सोलवर बसतो, डोळ्यांसमोर त्रिमितीय चित्र असतं, आणि त्याच्या बोटांच्या हालचाली रोबोटचे हात रुग्णाच्या पोटात जशाच्या तशा करतात. हाताचा बारीक कंप गाळला जातो. सगळ्यात मोठी सोय म्हणजे अवजाराच्या टोकाला मनगट असतं. साध्या दुर्बिणीची अवजारं सरळसोट काठीसारखी. त्यांनी पोटाच्या आत, तेही वरच्या बाजूला, टाके घालणं कष्टाचं काम आहे. रोबोटच्या मनगटाने ते सोपं होतं यात शंका नाही. पण जांघेच्या हर्नियात असे टाके कितीसे? उदरावरणाची चीर बंद करताना एक धाव, एवढेच. आणि पोटात न शिरता, भिंतीच्या थरांमधूनच जाण्याची जी दुसरी दुर्बीण-पद्धत आहे, तिच्यात तर ही चीरही नसते. ज्या कौशल्यासाठी यंत्र घेतलं, त्याला या ऑपरेशनात जेमतेम काही मिनिटांचं काम मिळतं. उलट स्पर्शाची जाणीव बरीच हरवते. दाबाची जाणीव परत देणारं, दा विंची या सर्वाधिक रूढ रोबोटचं नवं मॉडेल अमेरिकेत २०२४ मध्ये संमत झालं, त्याआधीची यंत्रं तिच्याविनाच चालत आली.

आता पुरावा. सगळ्यात थेट तुलना अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर झाली आणि २०२०मध्ये 'जामा सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 'रायव्हल' हे तिचं नाव. १०२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागलं गेलं: ४८ जणांना रोबोट, ५४ जणांना साधी दुर्बीण. महिन्याभरानंतर दुखणं, जगण्याची गुणवत्ता, जखमेच्या तक्रारी यांत फरक आढळला नाही. ऑपरेशनचा मध्यक (म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वेळ रोबोटला ७५.५ मिनिटं, दुर्बिणीला ४०.५ मिनिटं. खर्चाचा मध्यक रोबोटला ३,२५८ डॉलर, दुर्बिणीला १,४२१.

या चाचणीतला मला सगळ्यात बोलका वाटलेला भाग रुग्णांचा नाही, सर्जनांचा आहे. रोबोटच्या बाजूने हमखास सांगितलं जाणारं कारण म्हणजे सर्जनचा आराम: बसून काम, मान वाकडी करायला नको, खांदे अवघडत नाहीत. संशोधकांनी तेही मोजलं. शरीराच्या ठेवणीचं मोजमाप झालं आणि कामाच्या मानसिक ताणासाठी नासाने तयार केलेली प्रश्नावली वापरली गेली. शरीराच्या ठेवणीत फायदा दिसला नाही. वैताग मात्र रोबोटवर काम करताना जास्त नोंदवला गेला! ज्याच्या आरामासाठी यंत्र आणलं, तोच कावलेला.

चाचणी लहान आहे हा आक्षेप योग्य आहे. शंभर माणसांत हर्निया परत होण्याच्या प्रमाणातला सूक्ष्म फरक दिसणार नाही. पण मग तो फरक रोबोटच्या बाजूचाच असेल असं गृहीत कशाच्या बळावर धरायचं? वेळेतला आणि खर्चातला फरक मात्र इतका ढळढळीत आहे, की तो दिसायला शंभर माणसंही पुरली.

पोटाच्या पुढच्या भिंतीच्या हर्नियाचीही तीच गत. बेंबीचा, किंवा आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यांतून झालेला हर्निया इथे येतो. टाके जास्त घालावे लागतात, त्यामुळे रोबोटला इथे जास्त वाव असायला हवा. 'बीएमजे'त २०२०मध्ये आलेल्या चाचणीत १२४ रुग्ण होते आणि आपलं ऑपरेशन कोणत्या पद्धतीने झालं हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. रुग्णालयात काढाव्या लागलेल्या दिवसांत फरक नाही. वेळ रोबोटला १४१ मिनिटं, दुर्बिणीला ७७. खर्च १५,८६५ डॉलर विरुद्ध १२,९५५. रोबोटच्या गटात दोघांच्या आतड्याला इजा झाली, दुसऱ्या गटात कुणाच्याच नाही. दोन ही संख्या इतकी लहान की तीवरून रोबोटला दोषी धरणं अन्यायाचं होईल, पण तो अधिक सुरक्षित आहे असं म्हणण्याचीही सोय राहत नाही. पुढच्या वर्षी आलेल्या 'प्रूव्ह-इट' चाचणीतही ७५ रुग्णांत दुखण्यात फरक दिसला नाही आणि वेळ १४६ मिनिटं विरुद्ध ९४ निघाला.

तीन चाचण्या आणि तिन्हींचा सूर एकच: परिणाम सारखा, वेळ जास्त, खर्च जास्त.

वेळ हाही खर्चच असतो, तो फक्त बिलावर वेगळ्या नावाने येतो किंवा येतच नाही. 'रायव्हल'चे आकडे घेऊन एक ढोबळ हिशेब करू. आठ तासांचा ऑपरेशनचा दिवस धरला आणि दोन रुग्णांच्या मध्ये साफसफाई-तयारीला अर्धा तास धरला, तर दुर्बिणीने दिवसात सात हर्निया होतात आणि रोबोटने चार. उरलेले तीन रुग्ण कुठे गेले? ते प्रतीक्षा यादीत गेले. जिथे भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांचीच चणचण आहे, तिथे हा तोटा डॉलरमधल्या फरकापेक्षा मोठा ठरतो. खर्चाचे अभ्यास रुग्णालयाच्या खातेवहीत डोकावतात. यादीत अडकलेल्याची बुडालेली मजुरी त्यात नसते.

खर्चाची फोड केली की या गोष्टीचं मूळ सापडतं. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१८मध्ये 'जामा'त दा विंचीच्या निर्मात्या कंपनीच्याच जाहीर आर्थिक अहवालांवरून हिशेब मांडला. दर ऑपरेशनमागे रोबोटचा खर्च सुमारे ३,५६८ डॉलर: त्यातले १,८६६ अवजारं आणि साहित्याचे, १,०३८ यंत्राचे, ६६३ देखभाल कराराचे. अवजारांचा आकडा सगळ्यात मोठा का, हे समजून घेण्यासारखं आहे. रोबोटच्या अवजारात चिप असते आणि ती वापर मोजते. अनेक अवजारांना वर्षानुवर्षं दहा वापरांची मर्यादा होती. २०२०च्या सुमारास काहींची ती बारा ते अठरापर्यंत वाढवली गेली. मर्यादा संपली की यंत्र ते अवजार स्वीकारत नाही, मग ते चांगल्या अवस्थेत का असेना. साध्या दुर्बिणीची कित्येक अवजारं निर्जंतुक करून झिजेपर्यंत वापरता येतात. दाढीच्या यंत्राचं पातं विकण्याचा धंदा जगाला नवा नाही. फक्त इथे पातं कुणाच्या तरी पोटात जातं आणि त्याची किंमत तोच मोजतो.

यंत्राच्या आणि देखभालीच्या खर्चाची गंमत वेगळी. तो यंत्र वापरा न वापरा, लागतोच. घसारा रोज चढतो. रोबोटवर वर्षाला शंभर ऑपरेशनं झाली तर प्रत्येकावर घसाऱ्याचा बोजा मोठा, पाचशे झाली तर पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणून रोबोट घेतलेल्या प्रत्येक रुग्णालयाला एकच घोर लागतो: यंत्र रिकामं राहता कामा नये. यंत्र घेण्याचं मूळ कारण असतं प्रोस्टेटचा कर्करोग, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, ओटीपोटाच्या अरुंद जागेतली अवघड कामं. पण असे रुग्ण रोज येत नाहीत. रोज येतात हर्निया आणि पित्ताशयाचे खडे. यंत्राचं पोट भरायचं तर हेच भरपूर मिळणारं धान्य. तोट्याचं गणित मग सरळ होत जातं. 'ऑपरेशनं वाढवा, दर ऑपरेशनचा खर्च कमी होतो' हे व्यवस्थापकाचं वाक्य हिशेबाने बरोबर आहे. पण दर ऑपरेशनचा खर्च उतरत असताना एकूण खर्च वाढतच असतो, कारण वाढवलेलं प्रत्येक ऑपरेशन मुळात स्वस्तात होणारं होतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ७३ रुग्णालयांची आकडेवारी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. २०१२मध्ये तिथल्या जांघेच्या हर्नियांपैकी ०.७ टक्के रोबोटने होत होते, २०१८मध्ये २८.८ टक्के. या सहा वर्षांत पुरावा काय होता? 'रायव्हल' आली २०२०मध्ये. म्हणजे आधी प्रसार झाला आणि मग कुणीतरी तपासलं, की याचा उपयोग आहे का. औषधाच्या बाबतीत असं चाललं नसतं. नवं औषध बाजारात येण्याआधी ते काम करतं हे दाखवावं लागतं. उपकरणांना अमेरिकेत अनेकदा एवढंच दाखवावं लागतं की ते आधीच्या संमत उपकरणाशी बऱ्यापैकी समतुल्य आहे. दा विंचीला २००० साली सर्वसाधारण दुर्बीण-शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली ती याच वाटेने. गंमत अशी, की कायद्यापुढे 'जुन्यासारखंच आहे' म्हणून शिरलेलं यंत्र रुग्णापुढे 'जुन्यापेक्षा कितीतरी सरस' म्हणून येतं. २०११मधल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ४०० रुग्णालयांची संकेतस्थळं तपासली होती. ४१ टक्के रुग्णालयं रोबोटची माहिती देत होती, त्यांतल्या ७३ टक्क्यांनी निर्मात्याने पुरवलेली चित्रं किंवा मजकूर वापरला होता, आणि रोबोटचे धोके एकानेही सांगितले नव्हते.

या सगळ्यावर रोबोटचे समर्थक गप्प नाहीत, आणि त्यांचे सगळे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा इतिहासाचा. दुर्बिणीलाही सुरुवातीला असाच विरोध झाला होता, तीही महाग होती, तिलाही वेळ लागायचा. हे खरं आहे. २००४मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांत हर्निया परत होण्याचं प्रमाण दुर्बिणीने १०.१ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेने ४.९ टक्के होतं. त्या आकड्यांवरून दुर्बीण मोडीत काढली असती तर चूक झाली असती. कारण त्याच चाचणीत अडीचशेहून अधिक दुर्बीण-हर्निया केलेल्या सर्जनांचे आकडे पाच टक्क्यांच्या आत होते. पण तुलना इथेच थांबते. दुर्बिणीने वाढीव खर्चाच्या बदल्यात रुग्णाला काहीतरी दिलं होतं: सुरुवातीचं दुखणं कमी आणि कामावर लवकर परतणं. रोबोट वाढीव खर्चाच्या बदल्यात दुर्बिणीने आधीच दिलेलंच पुन्हा देतो.

दुसरा मुद्दा शिकण्याचा. दुर्बिणीने हर्निया शिकायला पन्नास ते शंभर ऑपरेशनं लागतात. रोबोटने ते सोपं जातं, म्हणून जे सर्जन आजवर उघडंच ऑपरेशन करत आले त्यांच्या रुग्णांनाही लहान छिद्रांचा लाभ होतो. ऐकायला चांगलं आहे. पण मिशिगनच्याच अभ्यासात रोबोट आणल्यानंतरच्या चार वर्षांत त्या रुग्णालयांतल्या सर्वसाधारण शस्त्रक्रियांमधला दुर्बिणीचा वाटा, जो आधी दरवर्षी वाढत होता, तो वाढायचा थांबला आणि ५३.२ टक्क्यांवरून ५१.३ टक्क्यांवर घसरला. रोबोटने उघड्या शस्त्रक्रियेबरोबर दुर्बिणीचाही घास घेतला. शिवाय उघड्या शस्त्रक्रियेला इतकं हिणवण्याचं कारण नाही. जाळीची उघडी शस्त्रक्रिया जागेवरच भूल देऊन करता येते, रुग्ण जागा असतो, त्याच दिवशी घरी जातो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी ती बऱ्याचदा जास्त सुरक्षित. रोबोटला संपूर्ण भूल लागते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, आणि तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही. तो असा: अवघड ऑपरेशनांसाठी रोबोट हवा, आणि त्यावर हात बसायचा तर सोप्या ऑपरेशनांवर सराव हवा. अवघड ऑपरेशनांबद्दल मी वाद घालणार नाही. पोटाच्या भिंतीचे स्नायू थरांतून सोडवून करावे लागणारे मोठे हर्निया एरवी लांबलचक चीर देऊन होतात. तिथे रोबोटने रुग्णालयातला मुक्काम घटतो असे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. गुदाशयाच्या कर्करोगातही २०१७मधल्या ४७१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत निर्णायक फायदा दिसला नव्हता, पण नंतर चीनमध्ये झालेल्या बऱ्याच मोठ्या चाचणीत काही बाबतींत रोबोट सरस ठरला. पुरावा बदलला की मत बदलावं, एवढी लवचीकता दोन्ही बाजूंना हवी.

पण सराव कुणावर, आणि कुणाच्या पैशाने? हर्नियाचा रुग्ण जर सर्जनच्या प्रशिक्षणाची पायरी असेल, तर ते त्याला सांगायला हवं, आणि त्याच्याकडून जादा पैसे घेणं तर फारच झालं. शिकाऊ न्हाव्याने डोकं भादरायचं आणि दर मात्र सलूनच्या मालकाचा लावायचा, यातला प्रकार. सराव धोक्याशिवाय होतो असंही नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत हा प्रयोग होऊन गेलाय. अमेरिकेतल्या मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेतल्या दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, दुरुस्ती करावी लागेल अशी पित्तनलिकेची इजा रोबोटने ०.७ टक्के आणि दुर्बिणीने ०.२ टक्के रुग्णांत आढळली. २०२३चा हा अभ्यास. नोंदींवरचा अभ्यास असल्यामुळे कार्यकारणभाव ठामपणे सांगता येणार नाही, हे मान्य. तरीही दुर्बिणीने सुरक्षितपणे होणारं सोपं ऑपरेशन नव्या यंत्रावर नेताना सोपेपणा आपोआप सोबत येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. व्हर्सियस, ह्यूगो अशी नवी यंत्रं आली आहेत, स्पर्धेने किमती उतरतील. उतरोत. त्या दिवशी हा लेख पुन्हा लिहावा लागेल आणि आनंदाने लिहीन. पण उद्याच्या स्वस्त यंत्राच्या भरवशावर आजच्या रुग्णाने आजच्या महाग यंत्राचे पैसे का भरावेत?

खर्चाबद्दल बोलताना हर्नियाच्याच इतिहासातली एक उलट्या दिशेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. व्यापारी जाळी महाग म्हणून महाराष्ट्रातले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरून पाहिलं आणि अनेक सर्जनांबरोबरचे निष्कर्ष २००३मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त मांडले. कल्पना ऐकून हसणारे बरेच होते. मग २०१६मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये युगांडातली चाचणी आली: ३०२ पुरुष, अर्ध्यांना व्यापारी जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीची. वर्षभरात दोन्ही गट मिळून हर्निया परत झाला तो एकाच रुग्णाचा. ऑपरेशनं उघडी होती, जागेवर भूल देऊन केलेली. त्या कापडाला चकचकीत माहितीपत्रक नाही, प्रतिनिधी नाही, परिषदेत स्टॉल नाही. रोबोटमागे हे सगळं आहे. दोन्ही शोध एकाच आजारावरचे. एकाने खर्च घटवून परिणाम राखला, दुसऱ्याने खर्च वाढवून परिणाम राखला, आणि वृत्तपत्रांत 'क्रांती' हा शब्द दुसऱ्याच्या वाट्याला आला.

जगात कितीतरी माणसं हर्निया धोतरात किंवा पट्ट्यात आवळून वर्षानुवर्षं कष्टाची कामं करतात, कारण कोणतंच ऑपरेशन त्यांच्या आवाक्यात नसतं. दर ऑपरेशनमागे अठराशे डॉलरचा फरक, आणि दोन कोटींपैकी दहावा हिस्सा जरी रोबोटकडे वळला, तरी वर्षाला साडेतीनशे कोटींहून अधिक डॉलर होतात. अमेरिकेतला दर जगाला लावणं बरोबर नाही हे मला कळतं. आकडा निम्मा करा, पाव करा. त्या पैशांत किती साधी ऑपरेशनं झाली असती, हा प्रश्न तरीही तितकाच बोचतो.

मग करायचं काय? बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. विमा कंपन्या आणि सरकारी योजनांनी साध्या जांघेच्या हर्नियाला एकच दर ठेवावा, पद्धत कोणतीही असो. बाकी रुग्णालयाचं ते पाहील. यंत्र खरोखर कार्यक्षम असेल तर ते त्या दरात बसेल. नसेल तर सर्जन आपोआप दुर्बिणीकडे वळतील, कुणी सक्ती करायला नको. अवघड हर्नियांसाठी वेगळा दर जरूर असावा, पण 'अवघड' म्हणजे काय हे हर्नियाच्या आकारावरून आणि आधीच्या ऑपरेशनांवरून ठरावं, यंत्रावरून नव्हे. आणि नोंदी हव्यात. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकापासून हर्नियाच्या राष्ट्रीय नोंदवह्या आहेत. ऑपरेशन कुठेही झालं आणि पुन्हा करावं लागलं, तर ते सापडतं. हर्निया परत झालेला रुग्ण पहिल्या सर्जनकडे बहुधा जातच नाही, म्हणून 'माझे हर्निया परत होत नाहीत' असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं. रोबोटचा खरा निकाल अशा नोंदवहीतून दहा वर्षांनी लागेल. तोवर नोंद न करता रोबोट वापरणं म्हणजे प्रयोग करायचा आणि निकाल फेकून द्यायचा.

रुग्णाच्या हातात मात्र एक गोष्ट आहे जी फारशी सांगितली जात नाही: वेळ. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांच्या जांघेच्या हर्नियाची घाई नसते. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसतं लक्ष ठेवलेल्या हर्नियात आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण हजार रुग्णांमागे वर्षाला १.८ इतकंच होतं. पुढे दहा वर्षांत त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी ऑपरेशन करून घेतलं, ते मुख्यतः दुखू लागलं म्हणून. (स्त्रियांच्या बाबतीत असं थांबू नये, त्यांच्यात मांडीच्या बाजूने येणारा, अडकण्याची भीती जास्त असलेला हर्निया अधिक आढळतो.) म्हणजे बहुतेकांना दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन यायला आणि आपल्या सर्जनला चार प्रश्न विचारायला भरपूर सवड असते. रोबोट आहे का, हा त्यांतला शेवटचा. त्याआधी विचारावं: अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केली आहेत, याच पद्धतीने किती, त्यांतले किती जण वर्षानंतरही दुखतं म्हणून परत आले, आणि रोबोटऐवजी दुर्बिणीने केलंत तर बिल किती होईल. दुखण्याच्या आणि बिलाच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर मागावीत.